चार मीटर, १२०० सीसी : एका कररेषेला खुले पत्र

चार मीटर आणि १२०० सीसी या कररेषेस,

२८ फेब्रुवारी २००६ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लोकसभेत अर्थसंकल्प मांडला आणि त्यातल्या एका परिच्छेदात तुझा जन्म झाला. छोट्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी मोटार कोणती, तर जिची लांबी ४००० मिलिमीटरच्या आत आहे आणि जिचं इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत आहे ती. गाडी किती धूर सोडते, किती इंधन पिते, धडकली तर आतली माणसं वाचतात का, यातलं काहीही तू विचारलं नाहीस. इतकी वर्षं झाली, अजूनही विचारत नाहीस.

तुझे प्रताप मोजायला एका सुझुकीच्या, म्हणजे आपल्याकडच्या मारुतीच्या, गाड्या पुरे आहेत. कंपनी जपानमधल्या हामामात्सूची, तिची सर्वांत मोठी बाजारपेठ भारत, आणि तिची एकाच नावाची गाडी जपानात, युरोपात आणि आपल्याकडे वेगवेगळ्या इंजिनांनी विकली जाते. त्या गाड्या शेजारी शेजारी ठेवल्या की तुझा हात कुठे कुठे फिरलाय ते लख्ख दिसतं.

सुरुवात डिझायरपासून करतो, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. २००८ मध्ये आलेली स्विफ्ट डिझायर ४१६० मिमी लांब होती. डिकी ४४० लिटरची. गावाला निघालेल्या कुटुंबाचं सामान त्यात आरामात मावायचं. २०१२ च्या फेब्रुवारीत नवी डिझायर आली ती ३९९५ मिमीची. मधले १६५ मिमी डिकीतून गेले आणि ती ३१६ लिटरवर आली. कपडा अंगाला बसेना म्हणून अंगच छाटावं, तसा हा प्रकार. पुढच्याच वर्षी होंडाने ब्रियोला मागे डिकी जोडून अमेझ काढली, ३९९० मिमीची. मग इतरही कंपन्या त्याच वाटेने गेल्या. या गाड्यांची मागची बाजू अशी तुटक का दिसते, असं कुणी विचारलं तर त्याला कुठल्याही कंपनीच्या डिझाइन विभागात पाठवू नये. दिल्लीत अर्थ मंत्रालयात पाठवावं.

पण लांबी निदान डोळ्यांना दिसते. तुझा खरा अपराध बॉनेटखाली आहे, आणि तो फार थोड्यांच्या लक्षात आला.

आपली पहिली स्विफ्ट १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन घेऊन आली होती, १२९८ सीसीचं. २०१० मध्ये त्या जागी के-सिरीजचं नवं इंजिन आलं. बीएस-४ मानकं येत होती, जुनं इंजिन बदलायला हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण याच के-सिरीजचं १.२ लिटरचं इंजिन जपानच्या आणि युरोपच्या स्विफ्टमध्येही होतं, आणि तिथे त्याची क्षमता होती १२४२ सीसी. आपल्याकडे ११९७. सिलिंडरचा व्यास दोन्हीकडे सारखाच, ७३ मिमी. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली होणारी धाव, तिथे ७४.२ मिमी आणि इथे ७१.५ मिमी. जपानच्या अभियंत्यांनी विचार करून, चाचण्या घेऊन जुळवलेलं इंजिन भारतात आणताना त्याचा स्ट्रोक २.७ मिमीने कापला गेला. ४५ सीसी त्यात गेले. यातून धूर कमी झाला असता तर मी पहिल्यांदा टाळी वाजवली असती. तसा काही हेतूच नव्हता. १२४२ हा आकडा तुझ्या बाहेर पडत होता, ११९७ आत बसत होता, एवढाच या शस्त्रक्रियेचा अर्थ.

पुढे बलेनोचंही तेच. २०१६ मध्ये भारतात बनलेली बलेनो जपानला निघाली, जपानला गेलेली मारुतीची ती पहिली गाडी. तिथे तिच्यात १२४२ सीसीचं इंजिन होतं आणि भारतातल्या शोरूममध्ये ११९७ सीसीचं. एकाच देशात बनलेल्या एकाच गाडीत, ती कुठल्या बंदरावर उतरणार यावरून पिस्टनची धाव ठरत होती.

आणि आता बघ. स्विफ्टची नवी पिढी २०२३ च्या डिसेंबरात जपानमध्ये आणि २०२४ च्या मे महिन्यात भारतात आली. तिचं तीन सिलिंडरचं झेड-सिरीज इंजिन जपानमध्येही ११९७ सीसीचंच आहे. दोन देशांसाठी दोन स्ट्रोक करण्याची कटकटच संपली. टोकियोच्या रस्त्यावरची स्विफ्ट भारताच्या करकोष्टकात नेमकी बसेल अशा क्षमतेच्या इंजिनावर धावते आहे. जपानी गिऱ्हाइकाला त्यासोबत माइल्ड हायब्रिड मिळतं, सीव्हीटी गिअरबॉक्स मिळतो, बर्फाळ भागासाठी चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती मिळते. युरोपातही माइल्ड हायब्रिड आहे. आपल्याला साधं इंजिन, पाच गिअरांचा मॅन्युअल किंवा एएमटी.

ज्यांनी असं इंजिन पाच माणसं आणि सामान भरून आंबा घाटात नेलंय, त्यांना हा विषय पुस्तकी वाटणार नाही. मे महिन्याच्या उकाड्यात चढावर एसी बंद करायचा, दुसरा गिअर टाकायचा आणि मागच्या ट्रकला जागा द्यायची. ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणून लोक कंपनीला शिव्या घालतात. त्यातल्या काही तुझ्या वाट्याच्या आहेत.

आता ब्रेझा. तुझ्यात किती विसंगती भरली आहे हे एकाच गाडीने सिद्ध करायचं तर मी हीच निवडेन. २०१६ मध्ये ती आली तेव्हा फक्त डिझेलमध्ये होती, १२४८ सीसी, लांबी ३९९५ मिमी. तुझ्या दृष्टीने ती छोटी गाडी. २०२० मध्ये डिझेल गेलं आणि तीच ब्रेझा, त्याच लांबीची, १४६२ सीसीच्या पेट्रोल इंजिनासह आली. तुझ्या दृष्टीने ती एकदम मोठी गाडी झाली. वस्तू आणि सेवा कर आल्यावर उपकर धरून छोट्या डिझेल गाडीवर ३१ टक्के होते. या पेट्रोल ब्रेझावर ४५. गाडीने रस्त्यावर एक इंचही जास्त जागा घेतली नव्हती. शहरांच्या हवेत काजळी ओतणारं इंधन सोडून ती पेट्रोलवर आली होती, आणि त्याचा दंड तिला १४ टक्क्यांचा झाला. आज सीएनजीवर चालणारी ब्रेझाही तुझ्या वरच्या पायरीवर आहे, कारण इंजिन तेच. त्याच वेळी चार मीटरच्या आतली टाटा नेक्सॉन १४९७ सीसीच्या डिझेल इंजिनासह खालच्या पायरीवर निवांत बसली आहे. नेक्सॉनबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती नियमाने चालते आहे. नियम चुकीचा आहे. डिझेलला ३०० सीसीची जास्त मुभा आणि सीएनजीला नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं ते तू एकदा तरी सांगायला हवंस.

डिझेलच्या त्या मुभेने आपल्या पुण्याजवळही बरंच काही घडवलं. सुझुकी डिझेलमध्ये कच्ची होती. तुझ्या मापात बसणारं फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट तिने परवान्यावर घेतलं आणि मानेसरला बनवलं. मागणी इतकी चढली की २०१२ च्या जानेवारीत मारुतीने फियाटशी करार करून रांजणगावच्या कारखान्यातूनही वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं घ्यायचं ठरवलं. स्वस्त डिझेलचा त्यात मोठा वाटा होता हे मान्य, पण त्या लाटेला तुझ्या सवलतीचा हातभार होताच. नंतर सुझुकीने स्वतःची डिझेल इंजिनं केली. सेलेरिओमधलं दोन सिलिंडरचं ७९३ सीसीचं २०१५ मध्ये आलं आणि २०१७ मध्ये गेलं. सिआझ आणि अर्टिगातलं १४९८ सीसीचं २०१९ मध्ये आलं आणि बीएस-६ लागू होताच २०२० मध्ये बंद झालं. १४९८ हा आकडाही वाचकांनी लक्षात ठेवावा. १५०० ची दुसरी एक रेघ तिथे होती, आणि कंपनी तिच्या दोन सीसी अलीकडे थांबली.

ज्या गाड्या आल्याच नाहीत त्यांचं काय? स्विफ्ट स्पोर्ट ही जगभरातल्या मोटारवेड्यांची लाडकी. तिसऱ्या पिढीत १.४ लिटरचं टर्बो, १४० अश्वशक्ती, वजन जपानी आवृत्तीत ९७० किलो, लांबी ३८९० मिमी. छोटी, हलकी, चपळ. तुझ्या लेखी मात्र मोठी. ती भारतात अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही. तिला इथे गिऱ्हाईक थोडंच मिळालं असतं हेही खरं, पण थोड्यांसाठीही दार उघडं राहायला हवं होतं. जिम्नी निदान आली. पाच दारांची, गुरुग्रामला बनणारी, ३९८५ मिमीची. इंजिन १४६२ सीसी, म्हणून तिच्यावर मोठ्या गाडीचा कर. भारतात ती अडखळत विकली गेली. तीच २०२५ च्या जानेवारीत जिम्नी नोमाडे या नावाने जपानमध्ये जाहीर झाली, तर चार-पाच दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या आणि सुझुकीला नोंदणी थांबवावी लागली. जिम्नी इथे न चालण्याचं खापर सगळं तुझ्यावर फोडणार नाही, किंमत ठरवताना कंपनीनेही हात आखडता घेतला नव्हता. पण छोट्या गाडीला मोठ्या गाडीचा कर लावून तिचं गिऱ्हाईक दूर ढकलायला तू मदत केलीस.

इथे थांबून कंपनीशीही दोन शब्द बोलायचे आहेत, कारण ती तुझ्या आड लपते.

फ्रॉन्क्स ही गाडी गुजरातच्या कारखान्यात बनते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिची पहिली खेप, १,६०० हून जास्त गाड्या, पिपावाव बंदरातून जपानला निघाली. जपानच्या फ्रॉन्क्समध्ये दीड लिटरचं माइल्ड हायब्रिड इंजिन आहे, सहा गिअरांचा ऑटोमॅटिक आहे, हवी तर चारही चाकांना ताकद आहे. आपल्या फ्रॉन्क्समध्ये १.२ लिटरचं इंजिन किंवा १ लिटरचं टर्बो. इथवर तुझं काम आहे, मी कंपनीला दोष देत नाही. पण जपानच्या फ्रॉन्क्समध्ये आणखी एक गोष्ट आहे. कॅमेरा आणि रडारने समोरचा अडथळा ओळखून गाडी स्वतःहून ब्रेक लावते. २०१६ च्या जपानी बलेनोतही रडारवर चालणारा असा ब्रेक होता. २०२३ मध्ये आपल्याकडे आलेल्या फ्रॉन्क्सला तो मिळाला नाही. मारुतीने ही यंत्रणा भारतात दिली ती २०२५ मध्ये, व्हिक्टोरिसला, म्हणजे चार मीटरबाहेरच्या गाडीला. तुझ्या कुठल्या कलमात ब्रेकला मनाई आहे? एकाही नाही. ज्या कामगारांचे हात जपानच्या गाडीत तो रडार बसवतात तेच हात भारताच्या गाडीत ती जागा रिकामी ठेवतात. हा निर्णय हिशेब करणाऱ्या माणसाचा आहे. भारतीय गिऱ्हाईक किमतीला चिकट आहे, असं उत्तर मिळेल. ते उत्तर द्यायचा हक्क कंपनीने २०२४ मध्ये स्वतःच गमावला. त्या वर्षी नव्या डिझायरने ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवले. लांबी ३९९५ मिमी, इंजिन ११९७ सीसी. दोन वर्षं आधी त्याच चाचणीत जुन्या स्विफ्टला एक तारा मिळाला होता. तुझ्या आत राहून, परवडणाऱ्या किमतीत सुरक्षित गाडी करता येते हे तिनेच दाखवून दिलं.

असो. हे पत्र तुला आहे.

जगात रेषा काही तू एकटीच नाहीस. जपानमध्ये केई गाड्यांची रेषा तुझ्यापेक्षा खूप जुनी आहे, १९४९ पासूनची. आज ती ६६० सीसी आणि ३.४ मीटरची आहे. जपानमधली वॅगन आर त्या मापात बसते, तिथली मूळ जिम्नीही ६६० सीसी टर्बोवर चालते. पण ती रेषा जिवंत राहिली. ३६० सीसीची होती ती १९७६ मध्ये ५५० झाली, १९९० मध्ये ६६० झाली. १९९८ मध्ये धडकेत माणसं वाचावीत म्हणून लांबी-रुंदी वाढवून दिली. काळ बदलला, गाड्या बदलल्या, तशी ती हलली. युरोपने तर मापपट्टी बाजूला ठेवून धूरच मोजायला घेतला. कंपनीच्या गाड्यांचं सरासरी कार्बन उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की दर गाडीमागे, दर ग्रॅमला ९५ युरो दंड. त्यापायी जिम्नीला तिथल्या प्रवासी गाड्यांतून बाहेर पडावं लागलं आणि मागची सीट काढून मालवाहू म्हणून परतावं लागलं. मला जिम्नी आवडते, तिची ही अवस्था पाहून वाईट वाटतं, तरी युरोपच्या नियमात तर्क आहे हे मी मान्य करतो. हवा ज्याने बिघडते ते तो मोजतो.

तू काय मोजतेस? मारुतीची ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिड घे. लांबी ४३४५ मिमी, म्हणून तुझ्या बाहेर. तिचं प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. तुझ्या लाडक्या छोट्या फ्रॉन्क्सचं, १.२ लिटर मॅन्युअलचं, २१.७९. कमी पेट्रोल जाळणाऱ्या गाडीवर आज ४० टक्के कर आहे, जास्त जाळणाऱ्या गाडीवर १८ टक्के.

हे ४० आणि १८ सप्टेंबर २०२५ चे. २२ तारखेपासून नवे दर लागू झाले, शोरूमबाहेर रांगा लागल्या, किमती उतरल्याचा आनंद सगळ्यांनाच झाला. त्या गडबडीत तुझ्याकडे कुणी पाहिलं नाही. २००६ मध्ये तुझ्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गाडीत ८ टक्क्यांचं अंतर होतं. आता ते २२ टक्क्यांचं आहे. कर धरण्याआधी दहा लाखांची असलेली गाडी तुझ्या आत असेल तर कर १ लाख ८० हजार, बाहेर असेल तर ४ लाख. सहा मिलिमीटर वाढले किंवा चार सीसी वाढले की २ लाख २० हजार. एवढा पैसा पणाला लागला असताना कुठली कंपनी चांगल्या इंजिनाचा विचार आधी करेल?

तुझ्या पदरी काही पुण्य आहे तेही सांगतो. तुझ्यामुळे छोट्या गाड्यांचे कारखाने इथे वाढले. स्कूटरवरून चार माणसं नेणाऱ्या किती तरी घरांना पहिली मोटार परवडली. पुण्याच्या पेठांत, दादरच्या गल्ल्यांत, रत्नागिरीच्या बाजारात लहान गाडी असणं सगळ्यांच्याच सोयीचं. रस्त्यावर कमी जागा घेणाऱ्याने कमी कर द्यावा हे म्हणणं मला पटतं. म्हणून लांबीची अट राहिली तरी माझी हरकत नाही. हरकत आहे ती सीसीला. इंजिनाची क्षमता हे ना धुराचं माप आहे, ना जागेचं, ना श्रीमंतीचं. एक लिटरचं टर्बो दीड लिटरच्या साध्या इंजिनाएवढी ताकद देतं, हे फ्रॉन्क्सच्याच भारतीय आणि जपानी आवृत्त्या सांगतात. मग मोजून उपयोग काय?

आणि तू पसरते आहेस, याची मला सर्वांत जास्त चिंता आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये इंधन कार्यक्षमतेच्या पुढच्या मानकांचा मसुदा आला, त्यात छोट्या पेट्रोल गाड्यांना सवलत सुचवली होती. अटी होत्या ९०९ किलो वजन, १२०० सीसी, ४००० मिमी. म्हणजे निव्वळ उत्सर्जनासाठी असलेल्या नियमातही तू शिरकाव करू पाहतेस. तिथे तरी तुला जागा मिळता कामा नये.

तुझी जागा घ्यायला नवं काही उभारावं लागणार नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था गाड्यांचं उत्सर्जन आणि इंधनाचा खप तपासून प्रमाणपत्र देतात, त्याशिवाय गाडी विकताच येत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप आहे, ते तारे देतं. कार्बन किती, तारे किती आणि लांबी किती, एवढ्यावर कर ठरवता येतो. आपलं राज्य खासगी मोटारीचा वाहनकर इंधन आणि किंमत पाहून घेतं, सीसी विचारत नाही, आणि त्याने काही अडलेलं नाही.

वस्तू आणि सेवा कर परिषदेत सगळ्या राज्यांचे मंत्री बसतात, महाराष्ट्राचेही. पुण्यात, चाकणला, रांजणगावला मोटारी आणि इंजिनं घडवणाऱ्या राज्याच्या प्रतिनिधीने पुढच्या बैठकीत हा विषय मांडावा आणि १२०० व १५०० सीसीची अट काढून टाकायला सांगावं, ही त्यांना जाहीर विनंती. आणि कररेषे, तोवर तुझ्यासाठी कापलेल्या इंजिनांची यादी आम्ही अशीच उघड वाचत राहू.

एक करदाता मोटारचालक